काल्पनिक राज्यांची उसनवारी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात, बहुतेक वेळा पाराला टेकवून, एक कोरीव दगड उभा असतो. पोरं त्याच्यावर पाय देऊन चढतात, कुणीतरी त्याला शेंदूर फासलेला असतो, आणि हा कुठला देव असं विचारलं तर तीन माणसं तीन नावं सांगतात. तो बहुधा वीरगळ असतो. गावावर धाड आली, गुरं हाकून नेली, आणि ती सोडवताना जो मेला त्याच्या नावाने उभारलेला दगड.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई असते: ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोर शत्रू, बरेचदा कडेला गुरं. मधल्या चौकटीत त्याच माणसाला अप्सरा दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, जैन असला तर जिनासमोर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर याचं नाव राहील असा त्याचा अर्थ.

म्हणजे एकाच दगडावर खाली एक खरी चकमक, मध्ये कल्पनेतला प्रवास आणि वर श्रद्धा. ड्रॅगन, शापित तलवारी, हरवलेले राजपुत्र असलेला फँटसी नावाचा जो साहित्यप्रकार आज पुस्तकांत, मालिकांत आणि मोबाइलवरच्या खेळांत दिसतो, त्याची रचनाही फार वेगळी नसते. लेखक हे सगळं डोक्यातून काढत असेल असं वाचकाला वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंच उसनं असतं. ते कुठून येतं आणि उसनं घेताना त्याचं काय होतं, ते आपल्या भागातल्या गोष्टी घेऊनच बघू. त्यासाठी लांब जायला नको.

आधी कदंबांचं उदाहरण. खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. या घराण्याचा मूळपुरुष मयूरशर्मा. त्याची हकीकत शिमोगा जिल्ह्यातल्या ताळगुंदच्या स्तंभावर कोरलेली आहे, पाचव्या शतकातली, म्हणजे तो होऊन गेल्यावर साधारण शंभर वर्षांनी लिहिलेली. मयूरशर्मा ब्राह्मण. आजोबांबरोबर कांचीला वेद शिकायला गेला. तिथे पल्लवांच्या एका घोडेस्वाराशी त्याचं भांडण झालं, अपमान झाला. ज्या हाताने दर्भ, समिधा आणि पळी धरायची त्या हाताने त्याने तलवार उपसली. जंगलात शिरून पल्लवांच्या सीमेवरचे रक्षक हरवले, खंडणी वसूल केली, आणि शेवटी पल्लवांनाच त्याला राजा मानावं लागलं.

अपमान, वनवास, बंड, राज्य. आज कुणी हे कथानक एखाद्या प्रकाशकाकडे नेलं तर तो म्हणेल, फारच ठरीव आहे हो, थोडं बदला. पण हे शिलालेखात आहे.

पुढची गंमत अशी की हे कथानकही लोकांना पुरलं नाही. पुढच्या काही शतकांत गोव्याच्या आणि हनगलच्या कदंबांनी आपल्या लेखांत मूळपुरुष बदलून टाकला. आता तो त्रिलोचन कदंब झाला. शिवाच्या कपाळावरचा घामाचा थेंब कदंबाच्या झाडाखाली पडला आणि त्यातून हा तीन डोळ्यांचा, चार हातांचा वीर जन्मला. पल्लवांचा घोडेस्वार गेला, कांचीची पाठशाळा गेली, आजोबा तर कधीच गेले. माणूस वजा झाला आणि दैवी अंश जमा झाला. हे करणारा कुणी कथालेखक नव्हता. ते राजाच्या पदरी असलेल्या कवींनी केलं, दानपत्रांत केलं, जिथे आपण कोरड्या तपशिलांची अपेक्षा करतो तिथे केलं.

म्हणून इतिहास एका बाजूला, पुराण दुसऱ्या बाजूला आणि फँटसी तिसऱ्या अशी वाटणी मला पटत नाही. फँटसीचा लेखक फार उशिरा येणारा पाहुणा आहे. तो पोचतो तेव्हा त्याच्या कच्च्या मालावर आधीच दोन-तीन वेळा हात फिरलेला असतो. हात फिरायला फार काळही लागत नाही. कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली नंदगडला फाशी दिली. त्या काळचे कंपनी सरकारचे कागद आहेत, तारखा आहेत. तरी आज नंदगडला लोक त्याच्यापुढे नवस बोलतात. दोनशे वर्षांच्या आत फाशी गेलेला सैनिक नवसाला पावणारा झाला. वीरगळाची खालून वरची चढण इथे कागदोपत्री दाखवता येते.

आता उसनं नेमकं काय घेतात ते पाहू. सगळ्यात सोपं म्हणजे नाव. 'द हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या कथेतल्या बुटक्यांची बहुतेक नावं आणि म्हाताऱ्या जादूगाराचं गँडाल्फ हे नावसुद्धा एका जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून उचललेलं आहे. आपल्याकडे २०१५ साली आलेल्या 'बाहुबली' चित्रपटातलं माहिष्मती हेही खरं नाव. पुराणांत ती नर्मदेकाठची हैहय राजांची राजधानी आहे. चित्रपटाने नाव घेतलं, नदी आणि हैहय तिथेच ठेवले.

नाव उचलणं हे सगळ्यात हलक्या दर्जाचं काम असं मी म्हणेन, जोवर त्याच्याबरोबर आणखी काही येत नाही. हल्ली मराठीत ऑनलाइन लिहिल्या जाणाऱ्या फँटसीत प्रत्येक राजा काहीतरी-वर्मा आणि प्रत्येक डोंगर काहीतरी-गिरी असतो, आणि त्या राज्यात धान्य कुठून येतं हे मात्र कुणाला ठाऊक नसतं.

बेळगावात दिवाळीच्या सुट्टीत शहापूर, वडगाव, अनगोळकडची पोरं मातीचे किल्ले करतात. बुरुजांवर मावळे, उतारावर उगवलेली मोहरी, पायथ्याच्या तळ्यात बदक आणि बदकाशेजारी प्लॅस्टिकचा डायनासोर. डायनासोरबद्दल कुणीही तक्रार करत नाही. पण गल्लीतले एखादे काका येतात, कमरेवर हात ठेवून बघतात आणि विचारतात, "होय रे, गडावर पाण्याचं टाकं कुठाय?" फँटसीचा वाचक नेमका या काकांसारखा असतो. ड्रॅगन त्याला चालतो. बिनपाण्याचा गड चालत नाही.

इतिहासाकडून घ्यायचं ते हे टाकं. राज्य कोणाच्या बळावर टिकतं, लग्नं कशासाठी होतात, वारस लहान असेल तर कारभार कोणाच्या हातात जातो, सैन्याचा पगार थकला की काय होतं. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका ज्या पुस्तकांवर आधारली ती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची. त्यांच्या कथेचा सांगाडा पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांच्या गादीच्या भांडणाचा आहे. दुबळा राजा, करारी राणी, अल्पवयीन वारस, पैसा पुरवणारे सरदार. घराण्यांची नावं स्टार्क आणि लॅनिस्टर अशी थोडीशीच वळवलेली, तीही ओळखू यावीत इतपत. ड्रॅगन नंतर आले, आणि सांगाडा मजबूत होता म्हणून ते शोभले.

त्याच कथेतल्या बर्फाच्या भिंतीमागे रोमन सम्राट हेड्रियनची भिंत आहे. इसवी सन १२२मध्ये ब्रिटनच्या उत्तर सीमेवर ती बांधायला घेतली, सुमारे ११७ किलोमीटर लांब. मार्टिन १९८१ साली तिथे गेले होते. भिंतीवर उभं राहून पलीकडच्या अंधाराकडे बघणाऱ्या, ऊबदार देशातून आलेल्या रोमन शिपायाला काय वाटलं असेल, या विचारातून आपली भिंत सुचली असं त्यांनी सांगितलं आहे. पुस्तकात ती ३०० मैल लांब आणि ७०० फूट उंच झाली. माप फुगलं, शिपायाची भीती तेवढीच राहिली. उसनवारीचा हा उत्तम नमुना वाटतो मला. भिंतीचा दगड त्यांनी घेतला नाही, पहाऱ्याची रात्र घेतली.

आणि त्याच कथेतलं ते कुप्रसिद्ध लग्न, जिथे जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांची कत्तल होते. त्यामागे स्कॉटलंडमधल्या दोन घटना आहेत. १४४० साली एडिंबरोच्या किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना बालराजाच्या पंक्तीला बोलावून मारण्यात आलं. १६९२ साली ग्लेन्को इथे मॅकडोनल्डांनी ज्या सैनिकांना आपल्या घरात थारा दिला त्यांनीच यजमानांना कापलं. पहिल्या घटनेत ताटात काळ्या बैलाचं मुंडकं आणून ठेवलं, तीच मृत्यूची खूण होती, असं सांगतात. ते मुंडकं मात्र नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातलेलं. म्हणजे कादंबरीकाराच्या हाती आलं तेव्हा त्या जेवणाला पुराणाचा मसाला आधीच लागलेला होता. आपल्याकडच्या वाचकाला तो प्रसंग समजावून सांगावा लागला नाही, कारण खाल्ल्या मिठाला जागायचं असतं हे इथे लहानपणापासून कानावर असतं. उसन्या गोष्टी परक्या मुलखात चालतात त्या अशा समान नियमांमुळे.

इतिहासातून टाकं आलं, तर पुराणातून काय येतं? माझं उत्तर: जादूचे नियम. आणि त्यासाठी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराइतकी चांगली शाळा नाही.

रेणुकेची, म्हणजेच यल्लम्माची, गोष्ट बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडच्या घरांत सांगावी लागत नाही. तरी फँटसीच्या नजरेने एकदा बघा. जमदग्नींची पत्नी रेणुका रोज मलप्रभेवर जाते, वाळूचा घडा करते, नागाची चुंबळ करते आणि पाणी आणते. घडा टिकतो तो तिच्या एकाग्र मनाच्या बळावर. एके दिवशी नदीत क्रीडा करणारा गंधर्व दिसतो, मन क्षणभर हलतं आणि घडा होत नाही. जमदग्नी मुलांना आईचा शिरच्छेद करायला सांगतात. थोरले नकार देतात आणि शाप भोगतात. धाकटा परशुराम आज्ञा पाळतो आणि मिळालेल्या वरात आईचा जीव परत मागतो.

यात जादू आहे, पण फुकट नाही. तिला अट आहे, अट मोडली की लगेच परिणाम आहे, आणि परिणाम निस्तरायला आणखी मोठी किंमत आहे. जगभरचे फँटसी लेखक ज्या नियमावर घासाघीस करतात, की जादूला किंमत हवी नाहीतर कथेतला ताण जातो, तो नियम या गोष्टीत वाळूच्या घड्यात भरून ठेवलेला आहे. अट अन्यायाची आहे, हेही त्यात आलं. आजचा लेखक ही गोष्ट उसनी घेईल तेव्हा त्याला घड्याचा चमत्कार घेऊन चालणार नाही. ही अट कोणी घातली आणि ती फक्त रेणुकेलाच का, हा प्रश्नही बरोबर घ्यावा लागेल. लोकपरंपरेने तो आपल्या परीने घेतलाच आहे: एका कथेत शिरच्छेदाच्या वेळी मातंगी तिला कवटाळते, दोघींची डोकी उडतात आणि परत जोडताना अदलाबदल होते. जात, शरीर आणि देवत्व यांची एवढी स्फोटक गुंफण एखाद्या कादंबरीत सापडणं कठीण.

गोष्ट इथे संपत नाही. सहस्र हातांचा कार्तवीर्य अर्जुन जमदग्नींची कामधेनू पळवतो, त्या वैरातून जमदग्नी मारले जातात, परशुराम सूड घेतो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला यल्लम्मा विधवा झाली असं मानून बांगड्या फोडण्याचा विधी होतो. म्हणजे इथे कथा कॅलेंडरवरही आहे. आणि हा कार्तवीर्य कुठला राजा? माहिष्मतीचा. चित्रपटाने जिचं नुसतं नाव घेतलं त्या नगराचा खरा पौराणिक धनी आमच्या यल्लम्माच्या कथेतला खलनायक आहे.

की तो खलनायक नाहीच? यल्लम्माच्या डोंगराखालच्या सौंदत्तीवर राज्य करणारे रट्ट राजे. त्यांच्यात कार्तवीर्य नावाचे चार राजे होऊन गेले. चौथ्या कार्तवीर्याच्या काळात, १२०४ साली, त्याचा अधिकारी बीचिराज याने बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) बांधली. राजाने मुलाला खलनायकाचं नाव ठेवलं नसतं. पुराणांतला कार्तवीर्य हा दत्तात्रेयाचा भक्त, मोठा चक्रवर्तीही आहे. आणि सावजी मटणाची खानावळ चालवणारं कुटुंब सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं असेल तर त्यांचा तो पूर्वपुरुष आहे. डोंगरावर ज्याच्या नावाने बांगड्या फुटतात त्याची शहरात जयंती होते. फँटसीतल्या ज्या पात्रांना आज 'धड काळी ना धड पांढरी' म्हणून वाखाणतात, ती एखाद्या लेखकाच्या चतुराईने जन्मलेली नाहीत. एकाच गोष्टीला दोन बाजूंनी सांगणारे दोन समाज असले की ती आपोआप तयार होतात.

बाहुबलीचंही तसंच. निपाणी-चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याला हे नाव चित्रपटाने दिलेलं नाही. श्रवणबेळगोळची ५७ फुटी मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीला चामुंडरायाने उभारली. मूळ कथेत भरत आणि बाहुबली हे भाऊ राज्यासाठी समोरासमोर येतात, पण सैन्याचा संहार नको म्हणून तीन द्वंद्वं ठरतात: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. बाहुबली तिन्ही जिंकतो आणि जिंकल्याच क्षणी सगळं सोडून तपाला उभा राहतो, अंगावर वेली चढेपर्यंत. चित्रपटाने नाव घेतलं, गादीवरून भावाभावांचा झगडा घेतला आणि शेवट फेकून दिला. व्यवसाय म्हणून ते समजू शकतं. पण जिंकून राज्य सोडणारा नायक ही त्या कथेतली सगळ्यात विलक्षण कल्पना होती, आणि नेमकी तीच वाया गेली, असं माझं मत आहे.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. टॉल्किननी ज्या नॉर्स देवांच्या काव्यातून नावं घेतली, त्या देवांची जत्रा त्यांच्या गावात भरत नव्हती. आपल्या देवांची भरते. चौंडकं वाजतं, माथ्यावर 'जग', म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेली जोगतीण दारात येते, भंडारा उधळला जातो. आणि त्याच परंपरेच्या नावाने मुली देवाला सोडल्या गेल्या. ती प्रथा बंद करायला कर्नाटकाला १९८२ साली देवदासी समर्पणबंदीचा कायदा करावा लागला. यल्लम्मावर आधारलेली एखादी 'डोंगरदेवी' लिहून तिच्याभोवती गूढ नाचणाऱ्या स्त्रिया उभ्या करणं लेखकाला फार सोपं आहे. पण ज्यांच्या आज्या-मावश्या त्या पायऱ्यांवर आयुष्य घालवून गेल्या, त्याही ते पुस्तक वाचणार आहेत. उसनं घ्यायला कुणाची बंदी नाही. देणारा समोर राहतो, एवढं ध्यानात असावं.

देणारे दोन भाषांचे असले की आणखी मजा. १६७७-७८च्या सुमारास, दक्षिणेच्या स्वारीवरून परतताना मराठी फौजेने बैलहोंगलजवळच्या बेळवाडीला वेढा घातला. गढी लढवली ती देसाईणीने. मराठीत ती सावित्रीबाई, कन्नडमध्ये बेळवडी मल्लम्मा. मराठी कथनाचा भर शिवाजी महाराजांनी आपल्याच सरदाराला, सखुजी गायकवाडाला, तिच्याशी गैरवागणुकीबद्दल कडक शिक्षा केली यावर. कन्नड कथनाचा भर तिच्या झुंजीवर. धारवाड जिल्ह्यातल्या यादवाडला महाराजांचं मानलं जाणारं एक शिल्प आहे, त्यात मांडीवर मूल घेतलेली आकृती दिसते, आणि ते तिनेच घडवून घेतलं अशी धारणा आहे. ऐतिहासिक कादंबरीत ही घटना लिहायची तर पहिल्या पानापासून बाजू घ्यावी लागते आणि दुसऱ्या पानापासून भांडण. नावं, गाव, ध्वज बदलून फँटसीत लिहिली तर तिन्ही माणसांना, राजाला, सरदाराला आणि देसाईणीला, आपापली बाजू मांडायला जागा मिळते. सीमाभागातल्या लेखकाला या प्रकाराचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे असं मी मानतो. मराठीला हे परकंही नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी 'मुक्तामाला' लिहिली तेव्हापासून अद्भुतरम्य कादंबरीची एक धार आपल्याकडे वाहते आहे, कधी जोरात, कधी नुसती पाझरत.

शिवाय जिथे नोंदच नाही तिथेही जागा आहे. १४७२-७३मध्ये बहामनी वजीर महमूद गवान याने बेळगावचा किल्ला घेतला. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की त्याने तटाखाली सुरुंग खणून ते दारूने उडवले, आणि ही युक्ती तोवर दख्खनमध्ये कुणाला माहीत नव्हती. फरिश्ता हे लिहित होता विजापूरच्या दरबारात बसून, सव्वाशेहून अधिक वर्षांनी. किल्ल्याच्या आतल्या माणसाचं एक वाक्यही आपल्यापर्यंत आलेलं नाही. दिवसचे दिवस खंदकापलीकडे माती उपसल्याचे आवाज, आणि मग एका सकाळी पायाखालची जमीन फुटते. आत उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने त्याला काय म्हटलं असेल? आपण दारूगोळा म्हणतो. त्याच्याकडे तो शब्द त्या अर्थाने होता की नव्हता कुणास ठाऊक. बहुधा त्याने कुठल्यातरी देवाचं किंवा भुताचं नाव घेतलं असेल. त्याच्या डोळ्यांनी तो वेढा लिहायचा तर फँटसी हीच त्याला जवळची भाषा ठरेल. असं पुस्तक कुणी मराठीत लिहायला घेतलं तर जमिनीखालून राक्षस काढा, भूत काढा, माझी हरकत नाही. फक्त आधी किल्ल्यावर जाऊन खंदक नीट बघून या, आणि तो ओलांडायला माणसाला किती वेळ लागेल ते मोजा.